डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून 'लॅपटॉपला फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकायचंय' हे वाक्य ओळखीपाळखीत सारखं ऐकू येतं. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, घरात विंडोजची डिस्क नाही, त्यामुळे सगळी भिस्त पेनड्राइव्हवर. हे काम खरं तर अवघड नाही. तरी लोक रात्री उशिरापर्यंत अर्धवट सेटअपसमोर अडकतात, कारण अडचण पडद्यावर जिथे दिसते तिथे ती झालेलीच नसते. पेनड्राइव्ह तयार करताना किंवा बूट मेन्यूत (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीत) चुकीची ओळ निवडताना ती आधीच झालेली असते. सेटअप मात्र सांगतो 'ड्राइव्ह सापडत नाही' किंवा 'फाइल खराब आहे', आणि माणूस घाबरून दिसेल ते पार्टिशन (डिस्कचा भाग) पुसायला लागतो. तिथूनच खरं नुकसान सुरू होतं.

पेनड्राइव्ह लागतोच का?

लॅपटॉप सुरू होत असेल, फक्त संथ झाला असेल किंवा सतत काहीतरी बिघडत असेल, तर आधी सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'रीसेट धिस पीसी' बघा. २०२० पासून त्यात 'क्लाउड डाउनलोड' हा पर्याय आहे. तो मायक्रोसॉफ्टकडून साधारण चार जीबी किंवा जास्त उतरवून घेतो आणि तेच विंडोज नव्याने टाकतो. मात्र रीसेटने विंडोज १० चं ११ होत नाही. ११ हवं असेल तर 'पीसी हेल्थ चेक' चालवून लॅपटॉप बसतो का ते बघा. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. रुफस या सॉफ्टवेअरने ही अट वगळून पेनड्राइव्ह बनवता येतो, पण अशा लॅपटॉपला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ११ कोंबण्यापेक्षा मी लिनक्स मिंट टाकेन.

बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर विकत घेऊ नका. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकच फाइल) पाच जीबीच्या वर जाते आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावतं.

बॅकअपमध्ये हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेच कॉपी करतात. राहतात त्या दुसऱ्याच गोष्टी.

टॅली वापरत असाल तर टॅलीप्राइमचा डेटा साधारणपणे सी ड्राइव्हवर, यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. तो 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये शोधून सापडणार नाही. टॅलीतच बॅकअप घ्या आणि फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नंतर ते परत सुरू करताना डोकेदुखी होते. डिजिटल सहीचा टोकन सुरक्षित राहतो, पण त्याचा ड्राइव्हर पुन्हा टाकावा लागतो. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात येऊ नये एवढं बघा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल युनिकोडमध्ये नसतात. फॉन्ट गेला की दहा वर्षांच्या पत्रव्यवहाराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर तिथेच असतो, तरी वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टच्या फाइल वेगळ्या काढून ठेवा, आणि मूळ सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर व लायसन्स हाताशी आहे ना याची खात्री करा. लग्नपत्रिका, सोसायटीची जुनी इतिवृत्तं, शाळेचे दाखले अशा कितीतरी कामाच्या गोष्टी आजही याच फॉन्टांत आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद) झालेली असते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे सहसा आपसूक होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट किंवा तत्सम काही बदललं की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. फक्त सी पुसून डी ठेवायचा बेत असेल आणि डी एन्क्रिप्टेड असेल, तर नव्या विंडोजमध्येही डी उघडायला डीची स्वतःची रिकव्हरी की लागते. या की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर 'रिकव्हरी की' या नावाखाली सापडतात. कामाला हात घालण्याआधी त्या कागदावर उतरवून घ्या. ते खातं कोणत्या ईमेलवर आहे हेच ठाऊक नसेल तर थांबा. खूपदा लॅपटॉप विकणाऱ्याने सुरू करून देताना स्वतःच एखादं खातं काढलेलं असतं. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिसही ज्या खात्यावर नोंदवलं त्याच खात्यावर परत मिळतं, त्यामुळे आधी तो ईमेल आणि पासवर्ड शोधा.

पेनड्राइव्ह बनवताना

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकणं. पेनड्राइव्ह बूट होतो तो त्यावरच्या ठराविक फोल्डरांतल्या बूट फाइलमुळे. एकच मोठी आयएसओ फाइल पडून असेल तर लॅपटॉपला तो साधा पेनड्राइव्हच वाटतो. आयएसओ उघडून आतल्या फाइल कॉपी केल्या तर? तो मार्ग चालला असता, पण नव्या विंडोजमध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तेवढी फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह एनटीएफएस केला की फाइल बसते, मात्र मग बरेच लॅपटॉप त्यावरून बूट होत नाहीत. ही सगळी कटकट मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस स्वतः सोडवतं. किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.

रुफसमध्ये पार्टिशन स्कीम 'जीपीटी' आणि टार्गेट 'यूईएफआय' ठेवा. ही डिस्कची मांडणी आणि लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत आहे. अगदी जुना लॅपटॉप असेल तरच जुन्या पद्धतीचं 'एमबीआर' निवडा.

पेनड्राइव्ह खरा आहे ना, हेही बघा. फुटपाथवर किंवा स्वस्तात मिळणाऱ्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात आठ-दहा जीबीच जागा असण्याचे प्रकार सर्रास होतात. विंडोज तो ६४ चाच दाखवतो, कॉपी पूर्ण झाल्याचंही सांगतो, आणि सेटअप मध्येच ८००७०५७० किंवा ८००७०२५डी ने संपणारा कोड देऊन थांबतो. या दोन्ही कोडचा अर्थ फाइल नीट वाचता आली नाही एवढाच. लोक अशा वेळी हार्ड डिस्क गेली असं समजून नवी एसएसडी घेऊन येतात. आधी दुसरा, ओळखीच्या कंपनीचा पेनड्राइव्ह वापरून बघा आणि तो वेगळ्या यूएसबी पोर्टला लावा. आयएसओ मोबाइलच्या रोजच्या डेटा प्लॅनवर तुकड्यातुकड्याने उतरवली असेल तर तीही संशयित आहे. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर फाइलचा 'हॅश', म्हणजे फाइलवरून निघणारा लांबलचक ओळख-कोड, दिलेला असतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये आपल्या फाइलचा हॅश काढून तो अक्षर न् अक्षर जुळवा. आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या 'लाइट' विंडोजच्या वाटेला जाऊ नका. त्यात कुणी काय घातलंय किंवा काढलंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही.

बूट मेन्यू

लॅपटॉप सुरू करताच दाबायची की अशी: डेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, लेनोवोवर एफ१२ किंवा बाजूचं पिनेने दाबायचं बारीक नोव्हो बटण, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण ते आधी बायोसमध्ये सुरू करावं लागतं. की दाबून काहीच होत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा. विंडोज सुरू होत असेल तर हा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मेन्यूत कधी कधी एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून आणि एकदा नुसता. नुसता निवडलात तर सेटअप जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि पार्टिशनपर्यंत जाऊन सांगतो की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, ती जीपीटी आहे. 'डिस्क एमबीआर आहे' असा उलटा संदेश आला, तर पेनड्राइव्ह यूईएफआयने सुरू झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. इथे यूट्यूबवरचे व्हिडिओ थेट डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये 'क्लीन' करायला सांगतात. ती आज्ञा सी, डी सकट अख्खी डिस्क रिकामी करते, विचारत नाही. पहिल्या प्रसंगात मागे जाऊन यूईएफआयची ओळ निवडली की काम होतं. दुसऱ्यात डिस्कवरचं सगळं बाहेर काढून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'ड्राइव्ह सापडत नाही'

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पार्टिशनच्या पानावर एकही डिस्क दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, म्हणजे साधारण २०२० च्या अखेरीपासूनच्या लॅपटॉपमध्ये हे खूप होतं. कारण एसएसडी खराब असणं नव्हे. या लॅपटॉपमध्ये एसएसडी इंटेलच्या 'व्हीएमडी' या नियंत्रकामागे असते, आणि त्याचा ड्राइव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसतो. दार बंद असलं म्हणून घर रिकामं नसतं, तसंच हे.

बरोबर उपाय असा. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल किंवा सिरियल नंबर टाकून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्राइव्हर उतरवा. तो बहुतेक वेळा ईएक्सई फाइल म्हणून येतो, आणि लोक तीच पेनड्राइव्हवर टाकतात. सेटअपला ईएक्सई चालत नाही, त्याला आतली आयएनएफ फाइल हवी असते. दुसऱ्या संगणकावर ती ईएक्सई 'एक्स्ट्रॅक्ट' करून अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, मग सेटअपमध्ये 'लोड ड्राइव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. यादीतला व्हीएमडीचा ड्राइव्हर निवडला की डिस्क दिसू लागते.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. एसरच्या काही मॉडेलमध्ये हा पर्याय लपलेला असतो आणि 'मेन' पानावर कंट्रोल-एस दाबल्यावर उघडतो. सगळंच नव्याने टाकणार असाल तर हरकत नाही. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हे करू नका, ते 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं म्हणत निळ्या पडद्यावर अडकतं. तसं झालंच तर घाबरून काही पुसू नका. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज सहसा पुन्हा उठतं.

याच पानावर टचपॅडही मुका होऊ शकतो, तेव्हा साधा यूएसबी माउस जवळ असू द्या.

पार्टिशन पुसताना

सेटअपमध्ये सी, डी अशी अक्षरं दिसतीलच असं नाही. 'डिस्क ०', 'डिस्क १' असे क्रमांक दिसतात, आणि त्यांचा क्रम तुमच्या मनातला असेलच असं नाही. पेनड्राइव्हसुद्धा त्याच यादीत येतो. ओळख फक्त आकारावरून पटते, म्हणून आधीच डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकार वहीत लिहून ठेवा. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक खोच आहे. हार्ड डिस्कवर जुनं ईएफआय पार्टिशन (बूट फाइल ठेवायचा भाग) असेल तर विंडोज एसएसडीवर टाकूनही त्याचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारी फाइल) हार्ड डिस्कवर जाऊन बसू शकतो. पुढे कधीतरी हार्ड डिस्क काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. जमत असेल तर इन्स्टॉल करताना हार्ड डिस्क काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा.

फाइल कॉपी होऊन पहिला रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढा. तो तसाच राहिला आणि बूटच्या क्रमात पहिला असला, तर सेटअप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो आणि लोक तीन-तीनदा तेच करत बसतात.

इंटरनेट आणि अॅक्टिवेशन

विंडोज ११ होमचा सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही, आणि नव्या वायफाय कार्डाचा ड्राइव्हर त्यात नसतो. कमांड टाकून ही पायरी ओलांडायच्या जुन्या युक्त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करत आहे. त्यांच्यावर विसंबू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनवर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. त्याला वेगळा ड्राइव्हर लागत नाही. आयफोनला लागतो, त्यामुळे तो इथे उपयोगी पडत नाही. नंतर वायफाय, टचपॅड आणि ग्राफिक्सचे ड्राइव्हर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉप कंपनीच्या पानावरूनच घ्या. 'सगळे ड्राइव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका.

सेटअपने प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते आणि इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप अॅक्टिवेट होतं. अट एवढीच की आवृत्ती तीच हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' असतं, 'प्रो' नव्हे. यादीतून 'प्रो मोठं, म्हणून चांगलं' असं समजून ते निवडलं की अॅक्टिवेशन होत नाही. मग कुणीतरी क्रॅक टाकून देतो, आणि ज्या विंडोजचे पैसे तुम्ही लॅपटॉप घेतानाच मोजलेत ते सोडून तुम्ही चोरीचं, अँटिव्हायरस बंद करून चालणारं विंडोज वापरत राहता. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होतात, म्हणून हे मला गंभीर वाटतं. लॅपटॉप दुकानात दिलात तर परत घेताना सेटिंग्जमधलं अॅक्टिवेशनचं पान तिथेच उघडा. 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलंय का आणि आवृत्तीचं नाव फॉरमॅटआधी होतं तेच आहे का, ते बघूनच पैसे द्या.