कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायला येताय? थोडं आधीच सांगते

गणितात एम.एस्सी. करून लग्नानंतर कॅलिफोर्नियात आलेल्या मुली मला नेहमी विचारतात, "इथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवता येईल का?" येईल. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं. गणित किंवा उपयोजित गणितातली मास्टर्स पदवी ही इथली किमान पात्रता. पीएच.डी. लागत नाही, बी.एड.सुद्धा नाही. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यायचं, आणि एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वरून मिळालेल्या व्हिसावर) असाल तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात हवं. सुरुवात बहुतेकांची पार्ट-टाइमच होते. एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच प्रशासनाखालच्या कॉलेजांत) पूर्णवेळच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही, म्हणून बरेच जण दोन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतात.

कागदपत्रांचं एवढंच. वर्गाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. इथल्या गणिताची घडी अलीकडेच पार बदलली आहे आणि आपण ज्या शिस्तीत शिकलो, त्यामुळे हा बदल आपल्याला पटकन पटत नाही.

कम्युनिटी कॉलेजात प्रवेशाला गुणांची अट नसते. नुकतीच शाळा संपवलेली मुलं येतात, सैन्यातून परतलेले येतात, रात्रपाळी करून नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या आया येतात. पूर्वी आल्याआल्या प्लेसमेंट टेस्ट असायची. कित्येक जण काही तयारी न करता संगणकासमोर बसायचे आणि त्या एका परीक्षेवरून त्यांची पायरी ठरायची: अंकगणित, प्री-अल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमिजिएट अल्जिब्रा. चार वर्षांच्या विद्यापीठात यांपैकी कशाचंच क्रेडिट धरत नसत. फी मात्र भरायची, सेमिस्टर घालवायचं, आणि मग कुठे खरा कॉलेजचा विषय सुरू.

याचा हिशेब कागदावर करून बघा. समजा प्रत्येक कोर्समध्ये ७५ टक्के पास होतात, म्हणजे काही वाईट निकाल नाही. पास झालेल्यांपैकी ८५ टक्के पुढच्या कोर्सला नाव घालतात. चार कोर्स ओलांडेपर्यंत १०० पैकी साधारण १९ उरतात. कुठलाही शिक्षक कमी पडलेला नाही, कुठलाही वर्ग खराब नाही, तरी ८१ जण गेले. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये अनेक राज्यांतली खरी आकडेवारी मांडली, तीही अशीच होती. विकासात्मक गणितात, म्हणजे अशा कॉलेजपूर्व पायऱ्यांवर, पाठवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी ती साखळी पुरी केली आणि जेमतेम एक पंचमांश पहिल्या कॉलेज-स्तरीय कोर्सात पास झाले. गळालेल्यांत बरेच असे होते, जे कधी नापासच झाले नव्हते. मध्ये एक सेमिस्टर नाव घातलं नाही, ते राहूनच गेलं. प्लेसमेंट टेस्टपेक्षा शाळेतले गुण पुढचा अंदाज जास्त नीट देतात, हेही त्याच सुमाराच्या संशोधनात दिसलं. 'कंपास' ही टेस्ट तर काढणाऱ्या कंपनीनेच २०१६ मध्ये बंद केली.

मला स्वतःला पटवून गेला तो क्यूनीमधला, म्हणजे न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला, प्रयोग. २०१३ मध्ये तिथल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत, टेस्टनुसार एलिमेंटरी अल्जिब्रात जायला हवे होते असे ९०७ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. नुसता अल्जिब्रा घेतलेल्यांपैकी ३९ टक्के पास झाले, अल्जिब्रासोबत आठवड्याची कार्यशाळा मिळालेल्यांपैकी ४५ टक्के. थेट कॉलेजचं संख्याशास्त्र, अधिक कार्यशाळा, या गटात ५६ टक्के! ज्यांना 'अजून तयार नाहीत' म्हटलं होतं, ते वरच्या विषयात जास्त संख्येने पास झाले.

टेनेसीने २०१५ मध्ये राज्यभर हीच वाट धरली. कॅलिफोर्नियाचा एबी ७०५ कायदा २०१७ चा आणि गणितात तो २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून पूर्ण लागू झाला. विद्यार्थ्याला वर्षभरात ट्रान्सफर-स्तराचं (चार वर्षांच्या विद्यापीठात ज्याचं क्रेडिट धरतात ते) गणित पार करण्याची जास्तीत जास्त संधी द्यायची आणि शाळेतल्या गुणांवरून वर्ग ठरवायचा, हा त्याचा गाभा.

म्हणजे तुम्हाला मिळणार तो बहुधा को-रेक्विझिट वर्ग: संख्याशास्त्राचा नेहमीचा कोर्स आणि त्याला जोडलेला एक-दोन युनिटांचा सपोर्ट कोर्स. या सपोर्टच्या तासाला शाळेचं पुस्तक पहिल्या पानापासून काढू नका. उद्याच्या धड्याला जे लागणार तेवढंच आज घ्या. पी-व्हॅल्यू (गृहीतक-चाचणीत बहुधा ०.०५ शी ताडून बघायची संभाव्यता) शिकवण्याच्या आदल्या दिवशी ०.०३२ आणि ०.०५ यांत लहान कोण, हे संख्यारेषेवर करून घ्या. तीन अंकी म्हणून ०.०३२ मोठा वाटणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. गृहीतक-चाचणी त्यांना समजलेली असते, अडतं ते दशांश चिन्हापाशी. प्रमाण विचलनाच्या आधी कंसांचा क्रम आणि वर्गमूळ. बायनॉमियलच्या आधी 'किमान तीन', 'जास्तीत जास्त तीन', 'तीनहून अधिक' ही वाक्यं इंग्रजीत वाचून असमानतेच्या चिन्हात लिहिणं. ज्यांची घरची भाषा स्पॅनिश किंवा व्हिएतनामी आहे, त्यांना हा अर्धा तास सोन्यासारखा असतो.

दोन्ही भाग एकाच शिक्षकाकडे असतील तर फार बरं. काम स्वीकारण्यापूर्वी हे नक्की विचारा. सपोर्टचा तास दुसऱ्याकडे असेल, तर आठवड्याला निदान एकदा त्याच्याशी बोलल्याशिवाय दोन्ही वर्ग आपापल्या दिशेने जातात.

आपल्याकडे 'आधी पाया पक्का करा' हे इतकं ठसवलेलं असतं, की अपूर्णांक न येणाऱ्याला संख्याशास्त्रात बसवणं म्हणजे त्याची फसवणूक वाटते. पायाची गरज मीही मानते. पण गरजेच्या वेळी शिकलेला अपूर्णांक टिकतो, कारण तो कशासाठी हवा हे समोर दिसत असतं. वेगळ्या सेमिस्टरमध्ये, तिसऱ्यांदा, त्याच सरावसंचातून शिकवलेला अपूर्णांक या विद्यार्थ्यांच्या हाती याआधीही राहिलेला नव्हता.

मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. फळ्यावर सुंदर सिद्धता लिहून पाठ फिरवून उभं राहू नका. एक उदाहरण द्या, समितीतल्या लोकांना जोडीने सोडवायला लावा, चुकीचं उत्तर आलं तर ते कुठून आलं ते विचारा. जाण्यापूर्वी त्या कॉलेजचे ट्रान्सफर-स्तरीय गणिताचे निकाल वाचा. राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते सर्वांसाठी खुले असतात.

एका बाबतीत माझं मन अजून खळखळतं. २०२२ च्या एबी १७०५ ने हाच विचार इंजिनिअरिंग-विज्ञानाकडे जाणाऱ्यांच्या कॅल्क्युलसपर्यंत नेला. संख्याशास्त्राला अल्जिब्राचा मोठा भाग लागतच नाही, म्हणून तिथे साखळी तोडणं सोपं होतं. कॅल्क्युलसमध्ये चेन रूल (विकलनाचा एक नियम) लावल्यावरची अर्धी ओळ अल्जिब्राचीच असते, आणि त्रिकोणमिती कधीच न शिकलेल्याला दोन तासांच्या सपोर्टमध्ये ती देणं फार अवघड आहे. तिथे सपोर्टचे तास वाढवावेत आणि प्रीकॅल्क्युलसचा एक चांगला, आटोपशीर कोर्स ज्यांना हवा त्यांच्यासाठी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. विभागाच्या बैठकीत पार्ट-टाइम शिक्षकांनाही बसू देत असतील, तर या चर्चेला जरूर जा. कोणती मुलं नेमकी कोणत्या ओळीवर अडतात, हे तुमच्या तपासलेल्या पेपरांवरून तुम्हीच सांगू शकता.