प्रवासाचं स्मार्ट कार्ड कसं वापरावं: रिचार्जपासून बाहेर पडतानाच्या टॅपपर्यंत

गेट उघडलं नाही की पहिला संशय कार्डावर जातो. खरं तर बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. पैसे नक्की कुठे आहेत, याचाच पत्ता आपल्याला नसतो. म्हणून कार्ड घेतानाच हा प्रश्न विचारून घ्या.

पैसे कार्डात की खात्यात?

काही कार्डांच्या चिपमध्येच शिल्लक लिहिलेली असते. १९९७ पासून चालणारं हाँगकाँगचं ऑक्टोपस किंवा २००३ मध्ये आलेलं लंडनचं ऑयस्टर याच जातीचं. दुसऱ्या प्रकारात कार्ड फक्त ओळख सांगतं. भाड्याचा हिशेब पडद्यामागच्या संगणक यंत्रणेत होतो आणि रक्कम खात्यातून जाते. लंडनच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून बँकेचं साधं काँटॅक्टलेस (यंत्रात न घालता नुसतं टेकवायचं) कार्ड चालतं, ते असं.

रिचार्ज

चिपमध्ये शिल्लक ठेवणाऱ्या कार्डाची खरी गंमत इथेच आहे. फोनवरून रिचार्ज केला, ॲपमध्ये रक्कम दिसली, तरी चिपला त्याची खबर नसते. कार्ड स्थानकावरच्या यंत्राला किंवा ठरलेल्या गेटला लावलं की मगच पैसे त्यात चढतात. काही ठिकाणी फोनच्या एनएफसीवरूनही (अगदी जवळून चालणाऱ्या बिनतारी जोडणीनेही) हे जमतं. रांगेत उभं राहून रिचार्ज करणाऱ्याला मागचे लोक शिव्या घालतात, त्या चुकीच्या नसतात. शिल्लक घरूनच पाहून निघा.

टॅप करताना

कार्डात बॅटरी नसते. आत कडेकडेने तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्यातून तारेत वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. हे सगळं जेमतेम काही सेंटिमीटरच्या अंतरात घडतं. म्हणून कार्ड हवेत ओवाळू नका. रीडरच्या खुणेवर सपाट टेकवा, बीप ऐकू येईपर्यंत तिथेच धरा, मग उचला. चांगल्या यंत्रणेत एवढ्याला अर्धा सेकंदही लागत नाही, पण नेमका तेवढा दम लोकांना नसतो.

गेटच्या चार पावलं आधी कार्ड हातात काढून ठेवा. अख्खं पाकीट रीडरवर आपटायची सवय असेल तर सोडा. आत दोन-तीन काँटॅक्टलेस कार्डं असली की रीडर गोंधळून नकार देतो, किंवा पैसे भलत्याच कार्डातून कापतो. आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला कार्डाला भोक पाडू नका. तार तुटली की ते नुसतं प्लॅस्टिक उरतं.

लाल दिवा लागला तर बाजूला होऊन पडद्यावरचा संदेश वाचा. बीप झाली, पण गेट उघडलं नाही, तर पुन्हा पुन्हा टॅप करत बसू नका, कर्मचाऱ्याला दाखवा. प्रवेशाची नोंद झाली असेल तर तेच कार्ड लगेच परत चालत नाही, आणि दुसरं लावलंत तर दोन प्रवास मोजले जाऊ शकतात.

उतरल्यावर

अंतरावर भाडं असेल तर बाहेर पडतानाही टॅप हवाच, गेट सताड उघडं असलं तरी. बाहेरची नोंद नसेल तर अनेक यंत्रणा त्या मार्गाचं कमाल भाडं कापतात. आत आणि बाहेर कार्ड एकच वापरा. फोन आणि बँक कार्ड एकाच खात्याला जोडलेले असले तरी यंत्रणेला ते सहसा दोन वेगळे प्रवासी वाटतात, कारण फोन कार्डाचा मूळ क्रमांक न पाठवता स्वतःचा वेगळाच क्रमांक पाठवतो. एक कार्ड म्हणजे एक प्रवासी, याच हिशेबाने दोघांनी एका कार्डावर जायचा बेतही इथे फसतो.

सरसकट एकच भाडं असलेल्या बसमध्ये मात्र उतरताना टॅप करायचं की नाही, हे दाराशी लिहिलेलं वाचून ठरवा. नको तिथे केलेल्या टॅपचेही पैसे जाऊ शकतात.

कार्ड हरवलं तर

कार्ड नावावर नोंदवलेलं असेल तर ते लगेच बंद करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी उरलेली शिल्लक नव्या कार्डावर मिळते. नोंदणी नसेल, तर ज्याला सापडलं त्याचं ते. नोंदणीला काही मिनिटं लागतात, ती कार्ड हातात आल्या दिवशीच उरका आणि कार्डामागचा क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा.