लिनक्सवर वीज वाचवताय? आधी या चुका टाळा

माझ्याकडे आरके3399 चिपचा एक बोर्ड आहे, चार छोटे ए53 कोर आणि दोन दांडगे ए72, म्हणजे एनर्जी अवेअर शेड्युलिंगसाठी (कमी वीज लागेल अशा कोरवर काम टाकायची कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पद्धत) अगदी हवा तसा. 2019 च्या 5.0 कर्नलपासून ही सोय मेनलाइनमध्येच, म्हणजे अधिकृत मूळ कर्नलमध्येच, आहे, त्यामुळे नवा कर्नल टाकला आणि मी निवांत. दोन महिन्यांनी लक्षात आलं की ते कधी चालूच झालं नव्हतं! बेंचमार्क करताना गव्हर्नर (कोरचा स्पीड ठरवणारा कर्नलचा भाग) मीच परफॉर्मन्सवर ठेवला होता आणि परत बदलायचं राहून गेलं. अशा एआरएम बोर्डावर या शेड्युलिंगला शेडयुटिल नावाचाच गव्हर्नर लागतो, शिवाय कर्नलकडे एनर्जी मॉडेल हवं, म्हणजे कुठला कोर कुठल्या स्पीडला किती वीज खातो त्याचा तक्ता. जुन्या कर्नलात याची सिस्टीम सेटिंग 1, म्हणजे चालू, दाखवते म्हणून फसू नका, ते नुसतं बटण आहे, दिवा लागलाय की नाही ते वेगळं बघावं लागतं.

बरं, सगळे कोर सारखे असलेल्या लॅपटॉपवर हे शोधत बसू नका, तिथे निवडायला छोटा-मोठा असा कोरच नाही.

टेस्ट करतानाची चूक तर भारीच. लोक सहाही कोरवर कंपाइलसारखं जड काम लावतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. अहो पडणार कसा, एखादा कोर जरी साधारण 80 टक्क्यांच्या वर भरला की कर्नल वीज वाचवायचा विचार बाजूला ठेवतो आणि नेहमीसारखं काम सगळ्यांवर वाटायला लागतो. गाणी वाजवून बघा, थोडं ब्राउझिंग करा, फरक हलक्या कामातच दिसतो.

पॉवरसेव्ह गव्हर्नर हे नाव ऐकून सगळे भुलतात. कोरचा स्पीड बदलणाऱ्या साध्या ड्रायव्हरवर तो स्पीड तळाला बांधून ठेवतो, मग पाच सेकंदांचं काम पंधरा सेकंद रेंगाळतं आणि तेवढा वेळ रॅम, स्क्रीन सगळं जागं. इंटेलच्या पीस्टेट ड्रायव्हरच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये मात्र त्याच नावाचा पर्याय स्पीड गरजेनुसार वरखाली करतो, तिथे तो खुशाल ठेवा (नावं ठेवणाऱ्याला काय म्हणावं!).

आणि हे सगळं नीट करूनही बॅटरी उतरत असेल तर पॉवरटॉप (वीज कोण खातंय ते दाखवणारं टूल) लावून वेकअप्स, म्हणजे कोरला झोपेतून कोण किती वेळा उठवतंय ते, बघा. माझी एक स्क्रिप्ट फाइल बदलली का हे सेकंदाला दहा वेळा विचारत होती, म्हणजे बिचारा कोर जरा डोळा लागला की परत उठवलेला, खोल झोपेत जाणार कधी? आयनोटिफाय (फाइल बदलली की कर्नलच कळवतो अशी सोय) वापरलं, आता फाइल बदलली तरच ती उठते. फक्त पॉवरटॉपचं ऑटोट्यून (वीजबचतीच्या सगळ्या सेटिंग एकदम चालू करणारा पर्याय) डोळे झाकून मारू नका, यूएसबी माऊस दोन सेकंद थांबलात की झोपी जातो आणि मग तुम्ही टेबलावर आपटत बसता.