आपल्या मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा: सांगोल्याची वही

वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "काकी, आबासाहेब अकरा वेळा आमदार झाले असं सगळीकडे छापलंय. मी निवडणूक आयोगाचे अहवाल काढून मोजलं, तर दहाच भरतात. काय चुकतंय?"

आबासाहेब म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख; सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे अनेक वर्षं आमदार. तिचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. खरंच दहा. त्या अकराव्या आमदारकीच्या शोधात दोनशेपानी वही भरली. आपल्या भागाचा असा इतिहास कुणालाही लिहिता येईल, म्हणून आम्ही काय केलं ते सांगते.

आधी आमदारांची यादी करायला बसू नका, आधी हद्द ठरवा. माझं सासर पंढरपूर तालुक्यात आहे. सातबारा, दाखले, कोर्टकचेरी सगळं पंढरपूरला. मत मात्र सांगोल्याचं, कारण आमचं गाव भाळवणी महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, येतं. अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून २५३ क्रमांकाचा सांगोला मतदारसंघ होतो. शेजारचं करकंब मंडळही पंढरपूर तालुक्यातलंच, पण ते माढ्याला जोडलेलं आहे. म्हणजे तालुक्याचं नाव आणि मतदारसंघाचं नाव सारखं असलं तरी दोन्ही एक नसतात. ही रचना २००८ च्या परिसीमन आदेशात, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आदेशात, मंडळांच्या नावांसकट छापलेली आहे आणि महाराष्ट्रात ती २००९ पासून लागू झाली. तो आदेश उतरवून घ्या. आपलं गाव कुठल्या मंडळात हे माहीत नसेल तर तलाठ्याला विचारा, तो उभ्या उभ्या सांगेल.

त्याआधीच्या रचना वेगळ्या होत्या. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ साली २६४ होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. जागा वाढल्या त्या त्या वेळी मतदारसंघांच्या रेघा हलल्या. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुका तर मुंबई राज्याच्या. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडले जायचे. ती पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. म्हणून पहिल्यांदाच हे काम करत असाल तर १९६२ पासून सुरुवात करा. हात बसला की मागे जा.

आता तक्ता. आयोगाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचे सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये आहेत. ते इंग्रजीत आहेत, म्हणून सांगोला आणि सांगोले अशा दोन्ही नावांनी शोधा. उमेदवाराचं आडनावही कधी आधी तर कधी शेवटी येतं. वहीत आडवं पान धरून रकाने आखा: साल, एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद मतं, विजेता, पक्ष, मतं, दुसरा, त्याचा पक्ष, मतं, फरक. दुसऱ्याचे रकाने गाळायचा मोह होतो. गाळू नका. हरलेल्याचं नाव लिहिलं नाही तर त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या निम्म्या तालुक्याचं मत वहीतून पुसलं जातं.

सालांमधलं अंतर बघत चला. १९७२ नंतर एकदम १९७८ येतं, कारण आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने सभागृहाची मुदत पाचाची सहा वर्षं केली होती. १९७८ नंतर दोनच वर्षांत १९८० येतं, कारण शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार बरखास्त झालं. १९९० ला मतदारांचा आकडा फुगलेला दिसला तर दचकू नका. १९८९ पासून मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, त्याचाही तो परिणाम आहे.

तरी आमचे दहाच होते.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. दिवाळीला गेले तेव्हा वही अण्णांपुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी १९७२ च्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे विजेता म्हणून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील होते, आबासाहेब पडले होते. अण्णा म्हणाले, "हे बरोबर. पण दुष्काळ सरल्यावर आम्ही परत मत टाकलं होतं. काकासाहेब वारले म्हणून." साल त्यांना आठवेना, पण दुष्काळ सरला होता एवढं पक्कं होतं. त्या धाग्यावरून शोधलं तेव्हा १९७४ ची पोटनिवडणूक सापडली. ती आबासाहेबांनी जिंकली होती आणि तीच अकरावी. सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात पोटनिवडणुकीची ओळ नसते. ती वेगळी शोधावी लागते. म्हणून आमदाराचं निधन किंवा राजीनामा दिसला की त्या पानावर लगेच खूण करा.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नाही. त्यांना दुष्काळ विचारा, पाटाला पाणी कधी आलं ते विचारा, घरातलं लग्न विचारा. मग साल आपण जुळवायचं. आणि त्यांनी सांगितलेलं कागदाशी ताडून बघितल्याशिवाय पक्क्या शाईने लिहायचं नाही. आमची वही आधी पेन्सिलीने भरली.

फरकाचा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी जिंकले आणि इतकी वर्षं टिकलेले आबासाहेब पडले. २०१९ ला आबासाहेब उभे नव्हते. तेव्हा शहाजीबापू शिवसेनेकडून परत आले, ७६८ मतांनी. हरले होते शेकापचे डॉ. अनिकेत देशमुख. एकच माणूस, दोन पक्ष, मध्ये चोवीस वर्षं, आणि दोन्ही फरक एखाद्या वाडीच्या मतदानाएवढे. बाहेरचे लोक सांगोला म्हटलं की २०२२ मधलं शहाजीबापूंचं गुवाहाटीचं 'काय झाडी, काय डोंगर' तेवढं सांगतात. मला त्याचं वाईट वाटतं. ज्या मतदारसंघाने एका माणसाला अकरा वेळा पाठवलं आणि दोन वेळा घरी बसवलं, त्याची ओळख एका फोनवरच्या संभाषणावर संपू नये. २०२४ ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले आणि ओळ पुन्हा त्या पक्षाकडे गेली.

कागदी मतपत्रिकांच्या काळातला फरक इतका कमी असेल तर बाद मतांचा रकाना बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि कुणाचं डिपॉझिट गेलं हेही काढा. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं मिळाली की ते जप्त होतं. अलीकडच्या निवडणुकांचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा असतो, म्हणजे आपल्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती मतं पडली तेही कळतं.

विक्रमाच्या बातम्या जशाच्या तशा उतरवू नका. आबासाहेबांची तुलना तमिळनाडूच्या करुणानिधींशी केली जाते, पण करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले ते वेगवेगळ्या मतदारसंघांतून. एकाच जागेचं म्हणाल तर केरळातल्या पाला इथून के. एम. मणी १९६५ पासून तेरा वेळा निवडून आले. त्यातली १९६५ ची विधानसभा भरलीच नव्हती, पण ती सोडली तरी बारा होतात. म्हणून आम्ही वहीत 'देशात पहिले' लिहिलेलं नाही. 'महाराष्ट्रात एकाच मतदारसंघातून अकरा वेळा' असं लिहिलंय, आणि ते काही कमी नाही.

आमदाराने सभागृहात काय केलं हे निकालाच्या तक्त्यात नसतं. त्यासाठी विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड आहेत. आमच्याकडे पाण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा, म्हणून आम्ही 'टेंभू' आणि 'म्हैसाळ' या पाणी योजना आणि 'रोजगार हमी' हे तीनच शब्द धरून शोधायला घेतलं. सगळं वाचायला बसलात तर आयुष्य जाईल. दोन-तीन शब्द ठरवा आणि तेवढंच धरा.

पहिलं पान मात्र शेवटी भरा. त्यावर आज मतदारसंघात असलेल्या सगळ्या गावांची यादी, खाली तारीख. विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर फेररचना झाली की रेघा परत हलतील. भाळवणी मंडळ तेव्हा कुठे जाईल ते त्या आदेशात कळेल. आमच्या यादीपुढे एक रकाना मोकळा सोडून ठेवलाय.