पित्ताची गोळी का लागू पडत नाही? या चुका टाळा

भरपेट जेवण झालं, छातीत जळजळ सुरू झाली, की ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, तर आणखी एक. ही चूक घरोघरी होते.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण ज्याला ‘पित्त’ म्हणतो, ते बहुतेकदा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं.

ही गोळी जठराच्या पेशीतला आम्ल सोडणारा ‘पंप’ बंद करते. दुसरा गोंधळ या पंपाबद्दलचा, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दिसणारा: ‘पंप म्हणजेच आयन (विद्युतभारित कण) जाण्याचं चॅनेल.’ चॅनेल ही उताराची वाट, आयन आपसूक वाहतात. पंप मात्र एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) खर्चून आयन चढावर ढकलतो. जठराच्या पेशीतला हा पंप, म्हणजे प्रोटॉन पंप, एक हायड्रोजन आयन बाहेर टाकताना एक पोटॅशियम आयन आत घेतो. म्हणजे बाहेरचं पोटॅशियम संपलं की पंप ठप्प! ते परत बाहेर सोडण्याचं काम केसीएनक्यू१ हे चॅनेल करतं. त्याच्या जोडीला केसीएनई२ हे प्रथिन असल्याने ते तीव्र आम्लातही उघडं राहतं. यातलं एखादं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत आम्ल जवळजवळ बनतच नाही. मला तर पंपाइतकंच श्रेय या चॅनेलला द्यावंसं वाटतं. क्लोराइड वेगळ्या चॅनेलमधून बाहेर पडतं आणि हायड्रोजनला बाहेरच भेटतं, म्हणून ‘हायड्रोक्लोरिक आम्ल पेशीच्या आत तयार होतं’ असं लिहू नका.

आता गोळीकडे. उपाशीपोटी बरेचसे पंप पेशीत आत दडलेले असतात; जेवलं की पृष्ठभागावर येतात. गोळीतलं औषध रक्तातून पेशीपर्यंत पोहोचतं, आम्लात सक्रिय होतं आणि चालू पंपालाच चिकटतं. रक्तात ते तास-दोन तासच टिकतं. म्हणून जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्या. चावू नका, कुटू नका. वरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. तातडीच्या जळजळीला अँटासिड बरं.

महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर आम्ल उसळून येऊ शकतं; डॉक्टरांना विचारूनच कमी करा. काळी शौच, गिळताना अडथळा किंवा हाताकडे जाणारी छातीतली कळ असेल, तर ‘पित्तच असेल’ म्हणून थांबू नका.

व्होनोप्रॅझान हे आम्ल कमी करणारं वेगळ्या प्रकारचं औषध; ते पंपावर पोटॅशियमच्या जागी बसतं. त्याला आम्लात सक्रिय व्हावं लागत नाही, त्यामुळे जेवणाआधीचा नियम त्याला लागू नाही. पाकिटावरचं नाव वाचून घ्या.