सत्तरच्या वर हँडल थरथरतंय? कोनसेट आवळण्याआधी एवढं बघा

कोल्हापुरातनं कागलकडं निघालो होतो. उचगाव मागं पडलं, काटा सत्तरच्या पुढं सरकला आणि वडिलांच्या जुन्या शंभर सीसी गाडीचं हँडल असं थडथडायला लागलं, की आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायला लागला. मेकॅनिकनं कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, आवळून दिला. आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा आवळला. तिसऱ्या खेपेला गाडी दारातच डबल स्टँडला लावली आणि स्वतःच बघायला बसलो.

आधी नेमकं काय हलतंय ते ओळखा. नुसतं हँडल भराभर डावी-उजवीकडं थरथरत असेल, तर बहुतेक वेळा दोष पुढं असतो. अख्खी गाडी म्हशीगत संथ डुलत असेल, तर आधी मागं बघायचं. कितीच्या स्पीडला सुरू होतं आणि मागं माणूस बसला की वाढतं का, हे ध्यानात ठेवा. मात्र हात सोडून बघायचा शहाणपणा करू नका.

सुरुवात फुकटच्या कामापासून करा. गाडी तापण्याआधी हवा भरा, तीही कंपनीनं सांगितली तेवढीच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. मग खडू चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी एकाला, टेकवून रिमजवळ धरा आणि चाक हळू फिरवा. जिथं खडू घासतो तिथं रिम बाहेर आलीय. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डग असेल तर आरे ओढून घ्यावे लागतील. आऱ्यांवर पाना वाजवत जा. टणटण वाजणाऱ्यांत एखादा भद्द वाजला की तो ढिला. चाक वर-खाली धरून आडवं हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग गेलं.

आता कोनसेट. कुणाला तरी कॅरियर दाबायला लावून पुढचं चाक उचला. समोर उकिडवं बसा, चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढं-मागं ओढा. तळहाताला ‘टक’ जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. पण खरी परीक्षा पुढं. एका बोटानं हँडल सावकाश फिरवा. बरोबर मधोमध ते खाचेत पडल्यागत अडकलं, तर वाट्यांना खड्डे पडलेत. मग कितीही आवळा, उपयोग शून्य. अख्खा सेट बदलायचा.

माझ्या गाडीत हेच होतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शुक्रवार पेठेत ती सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन धुतलं, ऑइल बदललं, पण कोनसेट कुणीच उघडला नव्हता. उघडला तेव्हा ग्रीसचा चहाच्या चोथ्यासारखा गाळ झालेला, आणि गोळ्या गंजून खरबरीत. पुरात बुडालेल्या गाडीचा कोनसेट आणि चाकांची बेअरिंगं उघडल्याशिवाय सोडू नका.

नवा सेट फार आवळला तरी गाडी सरळ चालत नाही. चाक उचललेलं असताना हँडल मधून जरासं ढकललं, की आपल्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे.

मागं, चाक न धरता स्विंगआर्मचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं, टोक धरून आडवं हलवा. हललं तर बुश झिजलाय. जुन्या गाडीचा तयार मिळाला नाही तर उद्यमनगरात लेथवर करून मिळतो. चेन ताणायच्या खुणा दोन्हीकडं सारख्या आहेत का तेही बघा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हो, मागं दुधाचे कॅन लटकवून ऐंशीनं जाणार असाल तर गाडीला बोल लावू नका. मागं वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं.

ट्रायल सकाळी मोकळ्या रस्त्यावर घ्या, आणि एका वेळी एकच दुरुस्ती करून. थरथर सुरू झालीच तर गुडघ्यांनी टाकी धरा, रेस हळूहळू सोडा, पुढचा ब्रेक कचकन दाबू नका आणि हँडलशी झोंबाझोंबी करू नका.

सेट बदलल्यावर माझी सत्तरची थरथर गेली, ऐंशीला थोडी उरली. ती पुढच्या टायरची निघाली. नक्षी झकास होती म्हणून त्याचे चार आकडे मी वाचलेच नव्हते.