सुरुवात शुक्रवारपासून करा: ज्यू विद्यार्थ्यांसाठी

आपलं ज्यूपण समजून घ्यायला बरेच विद्यार्थी योम किप्पुरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) मुहूर्त धरतात आणि तिथेच कंटाळतात. जवळजवळ दिवसभर चालणारी हिब्रू प्रार्थना, वर २५ तासांचा उपास. नवख्याने श्रीगणेशा करावा असा हा दिवसच नव्हे. त्यापेक्षा शुक्रवारची संध्याकाळ धरा. शब्बात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, दर आठवड्याला येतो, एक फसला तर पुढचा आहेच.

खोलीवर करायचा तर दोन मेणबत्त्या, पेलाभर द्राक्षाचा रस (वाइनच हवी असं नाही) आणि दोन अखंड पाव पुरतात. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायची सर्वसाधारण पद्धत आहे. उशीर झाला तर राहू द्या, कारण शब्बात लागला की आग पेटवायची नसते. विझवायचीही नसते, म्हणून मेणबत्त्या तशाच जळत ठेवून बाहेर जेवायला जाऊ नका. हॉस्टेलात ज्योतीला बंदी असेल तर बॅटरीवरचे दिवे लावा, अशा अडचणीत अनेक रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) ते चालतात. मग किद्दुश (पेल्यावरचा आशीर्वाद), हात धुणं, पावावरचा आशीर्वाद, जेवण. हात धुतल्यापासून पावाचा घास खाईपर्यंत बोलत नाहीत. पाहुणे म्हणून गेलात आणि सगळे एकदम गप्प झाले, तर तुमचं काही चुकलेलं नसतं.

सोबत हवी असेल तर हिलेल आणि छबाड या ज्यू संस्थांच्या केंद्रांत, दोन्हीकडे जाऊन पाहा. १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली हिलेल ही संस्था कुठल्या एका पंथाची नाही. छबाड हासिदिक, म्हणजे कर्मठ ऑर्थोडॉक्स परंपरेतली आहे, तरी जेवायला येणाऱ्याने सगळे नियम पाळावेत अशी अट तिथे नसते. तिथे जाताना मात्र घरी शिजवलेलं काही नेऊ नका, कोशेर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) स्वयंपाकघरात ते चालत नाही. भेटवस्तू सूर्यास्ताआधी पोचवा. फोन खिशातच राहू द्या.

नाजूक प्रश्न वंशाचा, म्हणजे ज्यू कोणाला मानायचं याचा. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांत आई ज्यू असावी लागते, नाहीतर धर्मांतर. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ पासून, ज्यू म्हणून वाढलेल्या मुलासाठी वडिलांकडचं नातंही मानलं आहे. तुमचे फक्त वडील ज्यू असतील तर ऑर्थोडॉक्स प्रार्थनेत मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या, दहा जणांत तुम्हाला मोजणार नाहीत. हे ऐन वेळी सगळ्यांसमोर कळलं तर फार लागतं, म्हणून रब्बींना आधीच एकांतात विचारा.

हिब्रूची अक्षरं २२. रोज दोन शिकलात तर दोन आठवड्यांत होतात. घोळ होतो तो बेत-काफ आणि दालेत-रेश या जोड्यांत; त्या शेजारी शेजारी लिहून गिरवा.

राहिलं कॅलेंडर. महिने चांद्र आणि १९ वर्षांत सात अधिक महिने, त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. सण आदल्या संध्याकाळी लागतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात बहुधा दुसरा दिवसच छापलेला असतो, आणि संध्याकाळची परीक्षा नेमकी त्यात सापडते. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पुर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अनेक ठिकाणी सत्राच्या तोंडावरच येतात. सत्र सुरू होताच प्राध्यापकांना एकच मेल लिहा: सणाचं नाव, कोणत्या संध्याकाळी किती वाजल्यापासून कधीपर्यंत, आणि परीक्षेसाठी तुम्हाला चालणाऱ्या दोन पर्यायी तारखा.